लक्ष्मीबाई टिळक : आघात, सोवळे आणि हसू

मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेत ‘स्मृतिचित्रे’चा उल्लेख आला की त्यामागोमाग काही विशेषणे ठरल्याप्रमाणे येतात : प्रांजळ, निर्मळ, विनोदी, सहजसुंदर. ही विशेषणे चुकीची नाहीत. मात्र त्यांच्या सतत वापराने एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे. ज्या आयुष्यातून हा विनोद निर्माण झाला ते आयुष्य मृत्यू, त्याग, संताप आणि ताटातूट यांनी व्यापलेले होते. त्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक मोठा आघात आधी एखाद्या पुरुषावर झाला आणि त्याने तो ज्या पद्धतीने हाताळला तिचे ओझे घरातील स्त्रीवर पडले. लक्ष्मीबाईंच्या चरित्राकडे या बाजूने पाहिल्यास त्यांच्या हास्याचा अर्थ बदलतो. तो केवळ स्वभावाचा विशेष राहत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. त्यांच्या जन्माच्या दहा-अकरा वर्षे आधी या कुटुंबात एक घटना घडली होती आणि तिची छाया मनूच्या सगळ्या बालपणावर राहिली. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना, जोगळेकरांना, इंग्रजांनी फाशी दिली. सासऱ्यांचा हा अंत आणि त्याबरोबर घरात शिरलेल्या परक्यांचा स्पर्श यांचा मनूच्या वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या, मनावर विलक्षण परिणाम झाला. त्यांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुवायची, माणसाला दूर ठेवायचे, स्वतःच्या मुलांचाही विटाळ मानायचा, अशा रीतीने सारे घर पाण्यात भिजत राहिले.

मराठीत या अवस्थेला मंत्रचळ असा नेमका शब्द आहे, आणि तो मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांच्या पुष्कळ आधीचा आहे. नानांच्या बाबतीत विशेष हे की त्यांच्या मंत्रचळाने धर्माचे वस्त्र पांघरले होते. भीती वाटते असे पुरुषाने म्हणणे समाजाला मान्य नव्हते. सोवळे पाळतो म्हणणे मात्र मान्यच नव्हे, आदरणीयही होते. म्हणून नाना घरात विक्षिप्त आणि बाहेर कर्मठ ठरले. त्यांच्या या शुद्धीसाठी लागणारे पाणी भरणे, धुणे, पुन्हा धुणे, उपाशी मुलांना समजावणे ही कामे कोणाच्या वाट्याला आली हे सांगण्याची आवश्यकता नाही. येथे एक साधी गोष्ट सहज निसटून जाते. फाशी गेलेले जोगळेकर नानांचे सासरे होते, पण मनूच्या आईचे ते जन्मदाते होते. मूळ आघात तिचा होता. त्या आघाताने वेडावण्याचा अधिकार मात्र जावयाने घेतला आणि मुलगी त्याच्या वेडाची व्यवस्था पाहत राहिली. तिने आपल्या वडिलांसाठी कधी मोकळेपणाने शोक केला असेल काय, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मनात राहतो.

मनूचे बालपण पुष्कळसे नाशिकला आत्या आणि तिचे पती गोविंदराव खांबेटे यांच्या मायेत गेले. अकराव्या वर्षी तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. वर अठरा-एकोणीस वर्षांचा, कोकणातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेला, संस्कृतात तरबेज, कवी, आणि एका ठिकाणी न टिकणारा. त्याच्याही घरात एक जखम होती. वडील वामनराव अत्यंत तापट. कवितेविषयी त्यांना तिटकारा, तर आई जानकीबाईंना कवितेची ओढ. पतीने संतापाच्या भरात मारलेली लाथ आणि त्यानंतर आलेले आजारपण व मृत्यू, अशी जानकीबाईंची कहाणी ‘स्मृतिचित्रे’तून कळते. मुलगा घर सोडून निघाला आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकू लागला. त्या वयात त्याने आपल्या दुःखावर शोधलेला उपाय म्हणजे निघून जाणे. पुढील आयुष्यात टिळक हाच उपाय पुनःपुन्हा योजताना दिसतात.

अशा रीतीने लक्ष्मीबाईंच्या माहेरी आणि सासरी मिळून पुरुषी दुःखाचे तीन मार्ग एकत्र आले : वडिलांचे धुणे, सासऱ्यांचे मारणे आणि पतीचे निघून जाणे. मद्याचा चौथा मार्ग या घरांत नव्हता. परंतु त्याच काळातील मराठी रंगभूमीने तो अजरामर केला आहे, आणि तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्यास रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकराचे पिणे चैनीतून सुरू होत नाही. न्यायालयात झालेला अपमान आणि वकिलीची तहकूब झालेली सनद हा त्याच्यावरील आघात आहे. तो त्याला कोणापाशी बोलता येत नाही, आणि तळीराम हातात प्याला देतो. सिंधूवरील आघात त्याहून कितीतरी मोठे आहेत, परंतु तिच्यासमोर प्याला नाही, संताप नाही आणि बाहेर पडण्याचा दरवाजाही नाही. तिच्यासाठी नाटककाराने एकच मार्ग ठेवला आहे : सोसत सोसत मरणे. प्रेक्षकांनी सुधाकराची कीव केली आणि सिंधूची पूजा केली.

अलीकडच्या संशोधनातही या विभागणीचा मागोवा घेतला गेला आहे. आघातोत्तर मनोविकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. त्यानंतर तेथे झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की आयुष्यात किमान एका आघाताला सामोरे गेलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ६१ टक्के आणि स्त्रियांचे सुमारे ५१ टक्के होते. विकार जडलेल्यांत मात्र हे प्रमाण उलटले : पुरुष ५ टक्के, स्त्रिया १० टक्क्यांहून थोड्या अधिक. हा विकार असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांहून अधिकांच्या आयुष्यात मद्याच्या अतिरेकाची समस्या आढळली, तर स्त्रियांत ती चतुर्थांशाहून किंचित अधिक होती. पुरुष दुःख बाहेर फेकतो आणि स्त्री ते आत वळवून घोळवीत बसते, असे या आकड्यांवरून ढोबळपणे म्हटले जाते. अमेरिकेतील विसाव्या शतकाच्या अखेरची पाहणी जलालपूरच्या वाड्याला जशीच्या तशी लावणे योग्य होणार नाही. परंतु तिने एक प्रश्न मात्र नीट विचारता येतो. ज्या स्त्रीने दुःख बाहेरही फेकले नाही आणि आत सडूही दिले नाही, तिने त्याचे केले तरी काय?

लग्नानंतरची पंधरा वर्षे लक्ष्मीबाईंनी वाट पाहण्यात घालविली. टिळक आज येथे, उद्या तेथे. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात, कधी राजनांदगावला. जाताना सांगणे नाही, आल्यावर खुलासा नाही. रागावले की भान नाही, राग गेला की पश्चात्तापाला पारावार नाही. घरातली वस्तू कोणी मागितली की दिली. या काळात लक्ष्मीबाईंना झालेली मुले एकामागून एक गेली. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, तेवढा राहिला. ‘स्मृतिचित्रे’त मुलांचे मृत्यू थोडक्या ओळींत येतात आणि टिळकांच्या वेंधळेपणाचे प्रसंग पानेच्या पाने रंगतात. हे प्रमाण लक्षणीय आहे. ज्याचे हसू करता येत होते ते लेखिकेने विस्ताराने सांगितले आणि ज्याचे करता येत नव्हते त्याला केवळ स्पर्श केला. येथे वाचकाने फसू नये. संक्षेप म्हणजे विसर नव्हे.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाशी टिळकांची गाठ पडली. त्याने त्यांना बायबल वाचावयास दिले. दोन वर्षांच्या घालमेलीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. निर्णयापूर्वी त्यांना विचारण्यात आले नव्हते. त्या काळच्या ब्राह्मण समाजात या घटनेचा अर्थ एका स्त्रीसाठी काय होता याची कल्पना आज करणे कठीण आहे. पती जिवंत, म्हणून ती विधवा नव्हे. पती जातीबाहेर, म्हणून ती संसारी सुवासिनीही नव्हे. विधवेच्या शोकाला निदान रूढीने ठरवून दिलेले दिवस असतात. या शोकाला दिवस नव्हते, विधी नव्हता, नावही नव्हते. आप्तांनी त्यांच्यावर पहारा ठेवला. प्रकृती ढासळली, जीव नकोसा झाला. अंतःकरणातील हा कोंडमारा त्या दिवसांत त्यांनी पद्यात बांधला. अक्षरओळख बेताची, शुद्धलेखनाचा गंध नाही, आणि तरीही दुःखाला बाहेर येण्यासाठी त्यांना शब्दच सापडला. टिळकांच्या आईला ज्या कवितेची ओढ असल्याचे दुःख भोगावे लागले, तीच कविता सुनेच्या हाती आधार म्हणून आली.

पुढील काही काळ त्या बहिणीच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. टिळकांचा मुक्काम आता अहमदनगरला होता. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे तेथे होते, ‘ज्ञानोदय’चा आरंभही १८४२ मध्ये तेथेच झाला होता, आणि रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवू लागले होते. पत्रे आली-गेली, भेटी झाल्या, भांडणे झाली. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या, परंतु पतीच्या धर्मात गेल्या नाहीत. त्यांचे राहणे-जेवणे वेगळे, पाणी वेगळे. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मण, आणि मध्ये लहान मुलगा, असा संसार नगरच्या लोकांनी कुतूहलाने पाहिला असणार. कोणत्याही बाजूच्या धर्ममार्तंडांना तो पटण्यासारखा नव्हता. यात लक्ष्मीबाईंचा हट्ट होता, धाक होता आणि प्रेमही होते. त्यांना सोशिक म्हणून गौरविणाऱ्यांनी या हट्टाची नोंद घ्यावी. सिंधूने असा वेगळा पाट कधी मांडला नसता.

यानंतरचा भाग राहुरीचा आहे आणि या चरित्रातील निर्णायक भाग तोच होय. नगर जिल्ह्याला १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाची झळ लागलेली होती. राहुरीला मिशनचे डॉक्टर बॅलंटाइन होते. याच सुमारास लक्ष्मीबाईंच्या मनातील स्पर्शास्पर्शाची भिंत पडली. ती कोणाच्या प्रवचनाने पडली नाही. हा भेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हे त्यांचे त्यांनाच विचार करता करता पटले, आणि पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यास आरंभ केला. १९०० मध्ये राहुरीसच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेचे वर्णन धर्मांतर म्हणून केले जाते आणि ते बरोबरच आहे. परंतु जलालपूरचे घर डोळ्यांसमोर ठेवून तिच्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ज्या मुलीने स्पर्शाच्या भीतीने वेडावलेला बाप पाहिला, जिचे बालपण त्या भीतीच्या पाण्यात बुडाले, तिने बत्तिसाव्या वर्षी ती भीतीच टाकून दिली. फाशीच्या दोराने सुरू झालेली सोवळ्याची ती साखळी राहुरीला तुटली. वडिलांनी जखम झाकण्यासाठी जे कवच घातले होते ते मुलीने, तिला त्यातून बाहेर काढणारा कोणी वैद्य नसताना, स्वतः उतरविले. टिळकांचे धर्मांतर पुष्कळ वाचनाने, चर्चेने आणि काव्याने सिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे झाले ते स्वयंपाकघरात, तांब्या-भांड्यापाशी. मराठी धर्मविचाराच्या इतिहासात पहिल्याला जितकी जागा मिळाली तितकी दुसऱ्याला मिळालेली नाही.

त्यानंतरचे नगरचे घर म्हणजे माणसांची वर्दळ. अनाथ मुले, गरजू विद्यार्थी, पाहुणे, कवी. ज्या स्त्रीची स्वतःची मुले गेली होती तिच्या पदराखाली दुसऱ्यांची किती मुले वाढली याची मोजदाद करणे अवघड आहे. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची सेवाही त्यांनी केली. या सेवाकार्याकडे धार्मिक प्रेरणेचे फळ म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ती प्रेरणा होतीच. परंतु शोक हाताने करता येतो, स्वयंपाक करून, आजाऱ्याचे अंग पुसून, पोरक्या पोराची वेणी घालून तो झिजविता येतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. पुरुषांना हा मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. तो मार्ग आपला आहे असे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

त्या घरात आलेल्यांपैकी एकाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळकांबरोबर नगरला आले आणि घरचेच झाले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. त्यांचे आणि बालकवींचे रुसवे-फुगवे हा ‘स्मृतिचित्रे’तील अत्यंत हृद्य भाग आहे. फुलराणीच्या या कवीच्या मनात एक अकारण उदासी वस्तीला होती आणि ती पुढे त्याच्या कवितेत गडद होत गेली. तिच्यावर इलाज म्हणून लक्ष्मीबाईंनी दिलेल्या गोष्टी साध्या होत्या : वेळेवर जेवण, रागावणे, चिडविणे, हसविणे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला तेव्हा ते अठ्ठाविसाव्या वर्षात होते. आणखी एक मूल गेले.

दरम्यान टिळक पुन्हा निघाले होते. १९१७ मध्ये मिशनची चाकोरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारण्याचा प्रयत्न आरंभिला. लक्ष्मीबाईंना हे निघणे आता नवे नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. या वेळचा शोक मात्र जगाला ओळखता येण्याजोगा होता.

पुढची सतरा वर्षे मुंबई, कराची, नाशिक अशी गेली. त्यांत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करण्याचे काम होते, प्रवास होते, सभा होत्या. टिळकांनी आरंभ करून अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य बहुतांशी त्यांनी पूर्ण केले. अकरा वर्षांची असताना जिला वाचता येत नव्हते तिने हे केले, याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. त्यापेक्षा सूचक गोष्ट अशी की पतीच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाचा राग त्यांच्या लेखनात कोठेही नाही. आयुष्यभर त्यांनी त्यांची अपुरी कामेच पुरी केली होती.

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही याच सवयीतून झाला. टिळकांच्या चरित्रासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असा देवदत्तांचा आग्रह होता. लिहिता लिहिता टिळकांचे चरित्र बाजूला सरले आणि सांगणारीचे आयुष्य पुढे आले. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. या पुस्तकातील विनोदाचा विषय बहुधा लक्ष्मीबाई स्वतः किंवा टिळक असतात. त्यात सूड नाही. परंतु तो निरुपद्रवीही नाही. घरातील शेवटचा पैसा भलत्याच कामी घालविणाऱ्या कवीचा प्रसंग वाचून वाचक हसतो आणि क्षणभराने त्या दिवशी घरात चूल कशी पेटली असेल या विचाराशी येऊन थांबतो. लेखिका थांबत नाही, ती पुढच्या प्रसंगाकडे गेलेली असते. पती महात्मा होता आणि त्याच्याबरोबर राहणे फार कठीण होते, ही दोन्ही सत्ये एका वाक्यात मावत नाहीत. हसण्यात ती मावतात. नानांना ही सोय नव्हती, वामनरावांना नव्हती, सुधाकराला नव्हती. स्वतःकडे पाहून हसणे म्हणजे मानभंग, अशी शिकवण ज्यांना मिळाली होती त्यांनी घागर, लाथ किंवा प्याला जवळ केला.

असे असले तरी लक्ष्मीबाईंचे हसू म्हणजे सर्व जखमांवरचे मलम होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. मुलांच्या मृत्यूंजवळ ते पोहोचत नाही. आईविषयी लिहिताना ते मंदावते. १८९५ ची पाने वाचताना जाणवते की चाळीस वर्षांनंतरही त्या दिवसांकडे लांबून पाहणे लेखिकेला पूर्णपणे साधलेले नाही. तेथे विनोद येतो, पण आधार शोधत येतो.

चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, आणि राहिलेला मजकूर देवदत्तांनी लिहून जोडला.